घरी बनवलेला ईसीयू गाडीत टिकवायचा असेल तर सर्किट असं डिझाइन करा

घरी ईसीयू (इंजिनचं पेट्रोल आणि स्पार्क सांभाळणारा कंप्युटर) बनवणाऱ्यांचा सगळा जीव कोडमध्ये अडकलेला असतो, फ्युएल टेबल, इग्निशन टेबल, ट्यूनिंग सॉफ्टवेअर वगैरे, आणि सर्किट म्हणजे कुठूनतरी स्कीमॅटिक उचललं, जोडलं, एलईडी लागला, झालं काम. खरं बघितलं तर कोडची बाजू आता बरीच सोपी झालीये, स्पीडुइनो किंवा रुसईएफआयसारखी ओपन सोर्स फर्मवेअर आयती मिळतात आणि वेगवेगळ्या इंजिनांवर चालून चालून ती तावूनसुलाखून निघालीयेत. पण गाडी सिग्नलला उभी असताना बंद पडते, गरम झाली की मिसिंग मारते, ओलाव्यात सुरूच होत नाही, असले प्रकार निघतात ते पॉवर सप्लाय, ग्राउंड, सेन्सरच्या वायरी आणि ड्रायव्हर (इंजेक्टर, कॉइल चालू-बंद करणारे पार्ट) याच जागांतून. म्हणून इथे फक्त सर्किटबद्दल लिहितोय. डोळ्यासमोर साधं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, पोर्ट इंजेक्शन आणि केबलचं थ्रॉटल धरलंय. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल पहिल्या बोर्डात घेऊच नका. केबलच्या थ्रॉटलवर ईसीयू मेला तर इंजिन बंद पडतं, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलचा ड्रायव्हर अडकला तर थ्रॉटल उघडं राहू शकतं, आणि तो धोका पहिल्याच प्रयत्नात अंगावर घ्यायची काही गरज नाही.

सुरुवात स्कीमॅटिकने करू नका, कागदाने करा. डब्यातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वायरचं नाव एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकीपुढे तीन प्रश्नांची उत्तरं लिहा: ही वायर १२ व्होल्टला टेकली तर काय होईल, ग्राउंडला टेकली तर काय होईल, तुटली तर काय होईल. आउटपुट असेल तर चौथा प्रश्न, मायक्रोकंट्रोलर रिसेटमध्ये असताना या पिनवर काय असेल. उत्तर "चिप जळेल" किंवा "इंजेक्टर उघडा राहील" असं आलं की तिथे काहीतरी पार्ट वाढवायचाय हे समजून घ्या. काम कंटाळवाणं आहे, दीड दोन तास जातात, पण पुढचं सगळं डिझाइन या कागदावरूनच निघतं आणि खाली मी जे जे लिहिलंय ते याच प्रश्नांची उत्तरं आहेत.

पॉवर सप्लाय

गाडीतले १२ व्होल्ट हे कधीच १२ व्होल्ट नसतात. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी १२.६ च्या आसपास, अल्टरनेटर चालू झाला की १३.८ ते १४.५, सेल्फ मारला की ६ व्होल्टपर्यंत खाली आणि थंडीत त्याच्याही खाली, कुणी ट्रकच्या बॅटरीवरून जंप स्टार्ट दिला तर २४, बॅटरी उलटी लावली तर वजा १२. आणि सगळ्यात वाईट म्हणजे लोड डंप, अल्टरनेटर जोरात चार्ज करत असताना बॅटरीचं टर्मिनल सुटलं तर जो व्होल्टेज उसळतो तो. आयएसओ १६७५०-२ या स्टँडर्डमध्ये १२ व्होल्टच्या गाडीसाठी हा पल्स ७९ ते १०१ व्होल्टचा धरलाय, सोर्स रेझिस्टन्स अर्धा ते चार ओहम, आणि लांबी ४० ते ४०० मिलीसेकंद. नव्या अल्टरनेटरमध्ये आतच क्लॅम्प करणारे डायोड असतात त्यामुळे तिथे हा आकडा ३५ व्होल्टच्या आसपास थांबतो, पण तुमच्या गाडीत कुठला अल्टरनेटर आहे हे खात्रीने माहीत नसेल तर मोठा आकडा धरून चाला.

आता या ४०० मिलीसेकंदाकडे नीट बघा, कारण बहुतेक घरगुती बोर्डांवर इथे एसएमबीजे साइजचा टीव्हीएस डायोड (जास्तीचा व्होल्टेज ठरावीक पातळीला अडवणारा, म्हणजे क्लॅम्प करणारा) लावलेला असतो आणि लोक निर्धास्त होतात. तो ६०० वॅटचा आहे बरोबर, पण १०/१००० मायक्रोसेकंदाच्या लाटेसाठी, म्हणजे साधारण एका मिलीसेकंदाच्या खेळासाठी. हिशेब करा, १०१ व्होल्ट, सोर्स ४ ओहम, टीव्हीएस ३९ व्होल्टवर क्लॅम्प करतोय, म्हणजे सुमारे १५ अँपिअर करंट आणि ३९ ने गुणलं की ६०० वॅट, तेही सगळ्यात सौम्य सोर्स धरून, आणि हे चालणार शेकडो मिलीसेकंद. छोटा टीव्हीएस इथे टिकत नाही. लोड डंपसाठी एसएम८एस२४ए सारखा मोठा टीव्हीएस लावा, तो याच कामासाठी बनवलेला आहे. एसएमबीजे फुकट जात नाही, रिले आणि मोटारींचे बारीक झटके तो छान खातो, पण त्याच्याकडून लोड डंपची अपेक्षा ठेवू नका.

२४ व्होल्ट स्टँडऑफचाच (तिथपर्यंत काहीच न करणारा) टीव्हीएस का, तर जंप स्टार्टच्या २४ व्होल्टला तो गप्प बसला पाहिजे. पण मग तो पूर्ण करंटला ३८.९ व्होल्टपर्यंत जातो, म्हणजे त्याच्या मागे जे काही बसलंय त्याला ४० व्होल्ट सहन झालेच पाहिजेत. नेहमीचा ७८०५ रेग्युलेटर ३५ व्होल्टला संपतो. आणि त्याचा दुसरा प्रॉब्लेम खालच्या बाजूला आहे, त्याला आउटपुटपेक्षा साधारण २ व्होल्ट जास्त लागतात. सेल्फ मारल्यावर ६ व्होल्ट राहिले, उलट्या बॅटरीसाठीच्या डायोडने अर्धा खाल्ला, तर ७८०५ मधून साडेतीन व्होल्ट बाहेर येतात आणि मायक्रोकंट्रोलर रिसेट. याची खूण ओळखायला सोपी आहे: सेल्फ फिरत असतो तोपर्यंत इंजिन अजिबात पकडत नाही आणि चावी सोडता सोडता एकदम पकडतं. लोक प्लग बदलतात, पंप बदलतात, दोष रेग्युलेटरचा असतो.

एलएम २९४० हा त्यामानाने शहाणा पर्याय, गाडीसाठीच बनवलेला, २६ व्होल्टपर्यंत काम करतो, ६० व्होल्टचा क्षणिक झटका सहन करतो, उलटी बॅटरी सहन करतो आणि ड्रॉपआउट (आउटपुटपेक्षा इनपुटला किमान जास्त लागणारे व्होल्ट) एका अँपिअरला अर्ध्या व्होल्टच्या आसपास. पण त्याची एक अट आहे जी हमखास मोडली जाते: आउटपुटला किमान २२ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर हवा आणि त्याचा ईएसआर (कॅपॅसिटरचा आतला रेझिस्टन्स) साधारण ०.१ ते १ ओहमच्या पट्ट्यात हवा. तिथे तुम्ही चांगला म्हणून सिरॅमिक लावलात तर त्याचा ईएसआर काही मिलीओहम असतो आणि रेग्युलेटर ऑसिलेट व्हायला लागतो, मल्टिमीटरवर ५.०० दिसतात आणि स्कोपवर लाट दिसते. इथे इलेक्ट्रोलिटिकच बरा, १०५ डिग्रीवाला घ्या, आणि थंडीत त्याचा ईएसआर वाढतो म्हणून दर्जेदार घ्या. हीटचा पण हिशेब ठेवा, १४ वरून ५ व्होल्टला ०.३ अँपिअर म्हणजे २.७ वॅट उष्णता, ती बोर्डाच्या तांब्यावर नुसती सोडून चालत नाही, टॅब डब्याला टेकवा. करंट याहून जास्त असेल तर ४० व्होल्ट आणि वरचा बक कन्व्हर्टर वापरा, नॉइज थोडा वाढतो पण डबा भाजत नाही.

क्रम असा ठेवा: बाहेर फ्यूज, आत आल्या आल्या टीव्हीएस, मग उलट्या बॅटरीचं संरक्षण, मग छोटा इंडक्टर आणि मोठा कॅपॅसिटर, मग रेग्युलेटर. उलट्या बॅटरीसाठी शॉट्की डायोडपेक्षा पी चॅनल मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) चांगला, त्याचा ड्रॉप नगण्य, फक्त गेट आणि सोर्समध्ये १५ व्होल्टचा झेनर आणि गेटला रेझिस्टर हवाच कारण बहुतेक मॉसफेटचं गेट २० व्होल्टच्या वर फाटतं. मोठा कॅपॅसिटर संरक्षणाच्या मागे ठेवायचा, आणि तिथे शॉट्की असेल तर बॅटरी क्षणभर दबली की तो उलटा बाहेर रिकामा होत नाही; नुसता मॉसफेट मात्र चालू असताना करंट उलटाही जाऊ देतो, तो हे थांबवत नाही. १००० मायक्रोफॅरडवर ०.३ अँपिअरला १० मिलीसेकंदात ३ व्होल्ट पडतात, म्हणजे करंट उलटा जात नसेल तर सेल्फचा अगदी पहिला खोल दणका तो बऱ्यापैकी भरून काढतो, पण अख्खं क्रँकिंग त्याच्या भरवशावर सोडू नका. टँटलम कॅपॅसिटर बॅटरीच्या बाजूला अजिबात नको, झटक्याने तो शॉर्ट होतो आणि पेटतो.

ग्राउंड

माझ्या मते घरगुती ईसीयूचं निम्मं भविष्य ग्राउंड वायर कुठे बोल्ट केली यावर ठरतं. समजा मॅप सेन्सर (इनटेक मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजणारा) एमपीएक्स४२५० आहे, त्याचा आउटपुट एका किलोपास्कलला २० मिलीव्होल्टने बदलतो. ईसीयूच्या ग्राउंड वायरचा आणि बोल्टच्या जोडाचा मिळून रेझिस्टन्स धरा २० मिलीओहम, म्हणजे मीटरवर शून्यच दिसेल. त्यातून इंजेक्टर आणि कॉइलचा १० अँपिअर गेला की ०.२ व्होल्ट पडतात. आता सेन्सरचं ग्राउंड तुम्ही सोय म्हणून जवळच इंजिनला बोल्ट केलं असेल, तर ईसीयूला हे ०.२ व्होल्ट सेन्सरच्या सिग्नलमध्ये दिसतात, म्हणजे थेट १० किलोपास्कलची चूक, आणि तीही स्थिर नाही, दर इंजेक्शनला उड्या मारणारी. आयडल का डोलतोय म्हणून माणूस फ्युएल टेबल खरवडत बसतो.

त्यामुळे नियम कडक ठेवा. सगळ्या सेन्सरचं ग्राउंड वेगळ्या वायरने ईसीयूत परत आणायचं आणि बाहेर कुठेही बॉडीला किंवा इंजिनला टेकवायचं नाही. ईसीयूची जाड पॉवर ग्राउंड इंजिन ब्लॉक किंवा हेडवर, रंग खरवडून उघड्या धातूवर, आणि एकच वायर नको, कनेक्टरच्या तीन चार पिन त्याला द्या. कॉइलचं इग्निटर ग्राउंड पण इंजिनलाच, ईसीयूतून फिरवून नाही. बॅटरीपासून इंजिनला येणारी जाड पट्टी गंजलेली असेल तर ती आधी बदला, नाहीतर स्टार्टरचा करंट तुमच्या ईसीयूच्या ग्राउंडमधून रस्ता शोधतो आणि ट्रॅक उडवतो.

बोर्डावर ग्राउंड प्लेनचे तुकडे करायचे की अखंड ठेवायचा यावर लोक भांडतात. मी अखंड प्लेनच्या बाजूचा आहे, पण पार्ट मांडताना इंजेक्टरचे ड्रायव्हर अगदी कनेक्टरच्या ग्राउंड पिनजवळ ठेवायचे म्हणजे मोठा करंट तिथल्या तिथे बाहेर पडतो आणि मायक्रोकंट्रोलरच्या खालून जात नाही. नेहमीचं ३५ मायक्रॉनचं तांबं असेल तर प्रत्येक चौरसाला अर्धा मिलीओहम धरा, एक मिलीमीटर रुंद आणि १०० मिलीमीटर लांब ट्रॅक म्हणजे ५० मिलीओहम झाले, तो इंजेक्टरच्या करंटला देऊ नका, रुंद पट्टा द्या.

क्रँक सेन्सर

इथे जास्त वेळ घालवा, कारण बाकी कुठलाही सेन्सर मेला तर इंजिन वाईट चालतं, हा चुकला तर स्पार्क भलत्याच वेळी पडतो आणि पिस्टन जातो.

क्रँक सेन्सर क्रँकची जागा आणि वेग सांगतो. त्यातला व्हीआर सेन्सर म्हणजे चुंबक आणि वायरची गुंडाळी, क्रँकवरच्या दातेरी चाकाचा दात समोरून गेला की ती व्होल्टेज देते, त्याचा आउटपुट वेगावर अवलंबून. क्रँकिंगला एका व्होल्टच्याही खाली, आणि वरच्या आरपीएमला कित्येक दहा व्होल्ट, काही सेन्सरवर १०० पर्यंत. एकच ठरावीक थ्रेशोल्डचा (त्याच्या वर व्होल्टेज गेलं की पल्स देणारा) कम्पॅरेटर लावला तर क्रँकिंगला दात दिसत नाहीत किंवा वरती नॉइजसुद्धा दात वाटतो. म्हणून सिग्नलप्रमाणे स्वतःचा थ्रेशोल्ड हलवणारी आणि झिरो क्रॉसिंगवर पल्स देणारी चिप हवी, एलएम १८१५ किंवा मॅक्स ९९२६. मॅक्स ९९२६ मध्ये दोन चॅनल आणि डिफरेन्शियल इनपुट आहे, त्यामुळे दोन्ही वायरींवर सारखाच आलेला नॉइज आपोआप कटतो. सेन्सरची एक वायर बोर्डावर ग्राउंड करून हा फायदा घालवू नका. दोन्ही वायरींमध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये, मग दोन्हींमध्ये छोटा कॅपॅसिटर.

हा कॅपॅसिटर किती मोठा घ्यायचा हा खरा प्रश्न. नॉइज येतोय म्हणून लोक तो वाढवत जातात. ६००० आरपीएमला क्रँक एका मिलीसेकंदात ३६ डिग्री फिरतो. ६०-२ च्या चाकावर (६० दातांची जागा, त्यातले २ गाळलेले) एक दात ६ डिग्रीचा, म्हणजे १६७ मायक्रोसेकंद. दोन्ही वायरींतले मिळून २० किलोओहम आणि १ नॅनोफॅरड म्हणजे २० मायक्रोसेकंदाचा टाइम कॉन्स्टंट, सिग्नल साधारण ०.६ डिग्रीने मागे पडला, चालून जाईल. तोच कॅपॅसिटर १० नॅनोफॅरड केला तर २०० मायक्रोसेकंद, म्हणजे एका दातापेक्षाही जास्त, सिग्नल दबतो, उशीर एक डिग्रीच्या वर जातो, आणि तो आरपीएमप्रमाणे बदलणार. टायमिंग लाइटने आयडलला टायमिंग बरोबर दिसेल आणि वर गेलं की सरकेल. नॉइज फिल्टरने मारण्याआधी वायरीने मारा: ट्विस्ट केलेली शील्डेड वायर, शील्ड फक्त ईसीयूच्या टोकाला ग्राउंड, आणि प्लगच्या वायरीपासून लांब.

वायरींची पोलॅरिटी पण तपासा. व्हीआरच्या लाटेची एक बाजू तीव्र उताराची असते, दाताच्या मधोमध शून्यातून जाणारी, आणि चिपने त्याच काठावर पल्स द्यायला हवा. वायरी उलट्या झाल्या तर पल्स दाताऐवजी दोन दातांच्या मधल्या सपाट भागावर येतो, आणि जिथे दात गाळलेले आहेत तिथे तर हा भाग लांबलचक असतो, मग सिंक (क्रँक नेमका कुठे आहे याचा ईसीयूला लागलेला पत्ता) कधी लागतं कधी सुटतं. स्कोप असेल तर दोन मिनिटांचं काम, नसेल तर ट्रिगर लॉगमध्ये गाळलेल्या दाताजवळची लांबी वेडीवाकडी दिसते का ते बघा.

हॉल सेन्सर त्यामानाने गरीब प्राणी. बहुतेकांचा आउटपुट ओपन कलेक्टर (फक्त ग्राउंडला ओढणारा, स्वतः व्होल्टेज न देणारा) असतो, म्हणून ५ व्होल्टला १ ते ४.७ किलोओहमचा पुलअप, मग सिरीज रेझिस्टर, छोटा कॅपॅसिटर, श्मिट ट्रिगर. मायक्रोकंट्रोलरच्या आतल्या पुलअपवर भागवू नका, तो फार अशक्त असतो.

बाकीचे सेन्सर

थ्रॉटल, मॅप, तापमान यांच्या पिनवर मीटर लावता लावता किंवा वायर खरचटली की १२ व्होल्ट येणारच असं धरून चाला. सिरीज रेझिस्टर आणि मागे बीएटी५४एस सारखा डबल शॉट्की डायोड, एक वर ५ व्होल्टला, एक खाली ग्राउंडला. रेझिस्टर १ किलोओहम असेल तर १४ व्होल्टला जवळपास ९ मिलीअँपिअर त्या डायोडमधून ५ व्होल्टच्या रेलमध्ये (सप्लाय लाइनमध्ये) ढकलले जातात, आणि रेग्युलेटरला करंट फक्त बाहेर द्यायला येतो, परत घ्यायला येत नाही. अशा दोन तीन वायरी एकदम टेकल्या आणि बोर्डाचा स्वतःचा वापर कमी असला तर ५ ची रेल ६, ७ वर चढते आणि सगळंच जातं. म्हणून रेझिस्टर ४.७ ते १० किलोओहम घ्या आणि रेलवर ५.६ व्होल्टचा झेनर ठेवा. एटीमेगासारख्या चिपच्या एडीसीला (व्होल्टेज मोजून आकडा देणारा भाग) १० किलोओहमपर्यंतचा सोर्स चालतो आणि पिनजवळ कॅपॅसिटर असला की तक्रार नसते. तापमानाला १० किलोओहम आणि १०० नॅनोफॅरड, म्हणजे १ मिलीसेकंद, अगदी आरामात चालतं.

सेन्सरना द्यायचे ५ व्होल्ट बाहेर जाताना थेट मुख्य रेलवरून देऊ नका. थ्रॉटल सेन्सरची वायर सायलेन्सरवर वितळून ग्राउंडला लागली की अख्खा ईसीयू बंद. मुख्य ५ व्होल्टचा पाठलाग करणारा ट्रॅकर रेग्युलेटर मिळतो, टीएलई४२५० त्यातलाच, शॉर्ट झाला तरी तो स्वतःपुरता बंद होतो. आणि तो मुख्य रेलच्या मागे मागे चालतो म्हणून थ्रॉटल आणि मॅपसारखे सप्लायच्या प्रमाणात आउटपुट देणारे सेन्सर बिघडत नाहीत, एडीसीचा रेफरन्स आणि सेन्सरचा सप्लाय बरोबरच हलतात.

तुटलेल्या वायरीचं उत्तर पण इथेच ठरवा. तापमानाच्या एनटीसीला (गरम झाला की रेझिस्टन्स कमी होणारा सेन्सर) पुलअप असतो (२.४९ किलोओहम, १ टक्क्याचा, हा नेहमीचा), वायर तुटली की पिन ५ व्होल्टवर जाते आणि कोडला ते उणे ४० डिग्रीसारखं दिसतं, मग इंजिन पेट्रोलने बुडतं. थ्रॉटलच्या सिग्नलला १ मेगाओहमचा पुलडाउन लावला की तुटली तर शून्य दिसतं, जे बंद थ्रॉटलपेक्षाही खाली असल्याने कोड ते फॉल्ट म्हणून ओळखू शकतो.

इंजेक्टर आणि कॉइल

आधी इंजेक्टरचा रेझिस्टन्स मोजा. १२ ते १६ ओहम म्हणजे हाय इम्पिडन्स, करंट एक अँपिअरच्या आसपास, साधा स्विच पुरतो. २ ते ३ ओहम असेल तर पीक अँड होल्ड ड्रायव्हर (उघडताना जास्त करंट, मग धरून ठेवायला कमी) हवा, साध्या मॉसफेटवर तो इंजेक्टर तापून जातो. पर्याय असेल तर हाय इम्पिडन्स घ्या आणि डोक्याचा ताप वाचवा.

इंजेक्टर बंद करताना त्यातली ऊर्जा कुठेतरी जायला हवी. रिलेवर लावतो तसा साधा डायोड लावला तर करंट हळूहळू उतरतो आणि इंजेक्टर उशिरा बंद होतो, छोट्या पल्सवर हे चांगलंच जाणवतं. म्हणून ४० व्होल्टच्या आसपास क्लॅम्प करायचं म्हणजे करंट झटक्यात शून्य होतो. ती ऊर्जा क्लॅम्प खातो, तिचाही हिशेब करा: १५ मिलीहेन्री आणि १ अँपिअर म्हणजे साडेसात मिलीज्यूल, वर करंट उतरेपर्यंत बॅटरीही भर घालते म्हणून १४ व्होल्टला सुमारे साडेअकरा. सीक्वेन्शिअलमध्ये (प्रत्येक इंजेक्टर दोन फेऱ्यांत एकदा) ६००० आरपीएमला सेकंदाला ५० वेळा, म्हणजे प्रत्येक ड्रायव्हरवर अर्ध्या वॅटपेक्षा थोडं जास्त. छोट्या पॅकेजला हे जड जातं, खाली तांब्याचा पट्टा द्या. माझी पसंती व्हीएनडी१४एनव्ही०४ सारख्या स्वतःला सांभाळणाऱ्या मॉसफेटला, आतच ४० व्होल्टचा क्लॅम्प, करंट लिमिट, तापला की बंद, आणि ५ व्होल्टच्या लॉजिकवर चालतो. इंजेक्टरची वायर १२ व्होल्टला शॉर्ट झाली तरी तो जळत नाही. साधा मॉसफेट स्वस्त पडतो पण कागदावरच्या पहिल्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नाही.

कॉइलसाठी आत इग्निटर असलेली स्मार्ट कॉइल मिळाली तर तीच घ्या, ईसीयूतून फक्त ५ व्होल्टचा सिग्नल जातो आणि मोठा करंट डब्यात येतच नाही. साधी कॉइल असेल तर इग्निशनसाठीचा आयजीबीटी हवा, आयएसएल९व्ही३०४० सारखा, जो आतच ४०० व्होल्टच्या आसपास क्लॅम्प करतो. साधा मॉसफेट इथे चालत नाही, कारण स्पार्कच्या क्षणी प्रायमरीवर शेकडो व्होल्ट येतात.

आणि आता तो चौथा प्रश्न. रिसेट झाल्यावर मायक्रोकंट्रोलरच्या पिन काही काळ तरंगत असतात, बूटलोडर असेल तर अजून जास्त. तेवढ्यात मॉसफेटचं गेट चार्ज झालं तर इंजेक्टर उघडा, कॉइल चालू. प्रत्येक गेटला १० किलोओहमचा पुलडाउन लावा, न चुकता, ड्रायव्हर चिप असेल तर तिच्या इनपुटला. कॉइलच्या सिग्नलचं उलटं की सुलटं हे सेटिंग बदलायच्या आधी कॉइलचा कनेक्टर काढून ठेवा, कारण चुकीच्या सेटिंगवर कॉइल सतत चालू राहते आणि काही सेकंदांत भाजून निघते. फ्युएल पंपाचा रिले पण असाच, क्रँकचा सिग्नल थांबला की एक दोन सेकंदात तो पडलाच पाहिजे, अपघातात पेट्रोलची लाइन फुटली आणि पंप चालूच राहिला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. रिलेचा ड्रायव्हर कोड अडकला तरी पडावा अशी इच्छा असेल तर हार्डवेअर वॉचडॉगमधून (कोड थांबला हे ओळखणारं वेगळं सर्किट) त्याला परवानगी द्या.

मायक्रोकंट्रोलर आणि बोर्ड

एटीमेगा २५६० वापरत असाल तर ब्राउनआउटचा फ्यूज (चिपमधलं सेटिंग, व्होल्टेज त्याखाली गेलं की चिप रिसेटमध्ये जाते) ४.३ व्होल्टवर ठेवा. १६ मेगाहर्ट्झला त्या चिपला ४.५ व्होल्ट लागतात, त्याखाली ती काय करेल याचा भरवसा नाही, आणि अर्धवट व्होल्टेजवर ती चुकून ईईप्रॉममध्ये लिहायला लागली तर अख्खा ट्यून जातो. रिसेट पिनला नुसता आतला पुलअप ठेवू नका, बाहेरून १० किलोओहम आणि १०० नॅनोफॅरड द्या.

लॅपटॉप चार्जरवर लावून ट्यूनिंग करताना यूएसबीमधून ग्राउंड लूप होतो आणि कनेक्शन तुटत राहतं, कधी कधी पोर्टही जातो. एडीयूएम४१६० सारखा यूएसबी आयसोलेटर बोर्डावरच टाका. आणि प्लग रेझिस्टरवालेच लावा, ज्यांच्या नंबरमध्ये बहुधा आर असतो. बिनरेझिस्टरचे प्लग आणि तांब्याची सरळ वायर असेल तर जवळच रेडिओ स्टेशन उभं केल्यासारखं होतं, मग कितीही फिल्टर लावा.

बॅटरीच्या बाजूच्या सिरॅमिक कॅपॅसिटरकडे लक्ष द्या. बोर्ड वाकला की मोठा सिरॅमिक तडकतो आणि शॉर्ट होतो, आणि तो थेट बॅटरीवर असेल तर धूर. तिथे दोन कॅपॅसिटर सिरीजमध्ये, एकमेकांना काटकोनात लावा, एक तडकला तरी दुसरा धरून ठेवतो. स्क्रूच्या भोकाजवळ आणि बोर्डाच्या काठाला सिरॅमिक नकोच. डेव्हलपमेंट बोर्ड हेडरवर खोचून वापरत असाल तर त्याला चारही कोपऱ्यांत स्पेसर आणि स्क्रू हवेत, नुसत्या पिनांच्या घट्टपणावर व्हायब्रेशन फार काळ दम धरू देत नाही. क्रिस्टल, उभे इलेक्ट्रोलिटिक, इंडक्टर यांच्या बुडाशी सिलिकॉनचा थेंब. ते सिलिकॉन न्यूट्रल क्युअर असावं, व्हिनेगरसारखा वास येणारं तांबं खातं.

कनेक्टरला वायर क्रिंप करा, सोल्डर करू नका. सोल्डर वायरीच्या तारांमध्ये वर चढतो, तिथे ती कडक होते आणि बरोबर त्या कडेला व्हायब्रेशनने तुटते, आणि तुटलेली तार आत इन्सुलेशनमध्ये लपून राहते म्हणून सापडतही नाही. क्रिंपचं योग्य पक्कड महाग वाटतं पण त्यात काटकसर करू नका.

डबा इंजिनच्या खोलीत ठेवायचा की केबिनमध्ये, तर केबिनमध्ये. एईसी-क्यू१०० मध्ये (गाडीतल्या चिपचं स्टँडर्ड) ग्रेड १ चे पार्ट १२५ डिग्रीपर्यंत, ग्रेड ३ चे ८५ पर्यंत चालतात, आणि आपल्या हातातले बरेच नेहमीचे पार्ट ८५ वालेच असतात. थोड्या लांब वायरी परवडल्या.

गाडीत लावायच्या आधी

टेबलावर क्रँकचा सिग्नल द्यायला आर्डूस्टिमसारखा सिम्युलेटर मिळतो, साध्या आर्डुइनोवर चालतो. खरे इंजेक्टर आणि खऱ्या कॉइल लावा, एलईडी लावून केलेली टेस्ट काही सांगत नाही. कॉइलला प्लग जोडून प्लगची बॉडी ग्राउंड करा, आणि इंजेक्टर कोरडे जास्त वेळ चालवू नका. सप्लाय १४ वरून हळूहळू ६ पर्यंत उतरवा आणि परत चढवा, सिंक सुटता कामा नये आणि रिसेट काउंटर हलता कामा नये.

मग रिलेची टेस्ट. एक साधा रिले घ्या, ज्यात आत डायोड किंवा रेझिस्टर नाही, त्याची कॉइल त्याच्याच नॉर्मली क्लोज्ड कॉन्टॅक्टमधून सप्लायला जोडा म्हणजे तो घंटीसारखा कडकडायला लागतो, आणि तो ईसीयूच्याच सप्लाय वायरींवर समांतर लावा. हा कडकडाट गाडीतल्या घाणेरड्या झटक्यांची बऱ्यापैकी नक्कल करतो आणि मोठ्या कंपन्यांच्या टेस्टमध्येही असा रिले असतो. मिनिटभर चालू ठेवा, मग त्याची वायर क्रँक सेन्सरच्या वायरीला हातभर गुंडाळून परत चालवा. दात चुकले तर शील्ड आणि ग्राउंड परत बघा, गाडीत गेल्यावर शोधण्यापेक्षा हे कितीतरी सोपं आहे. त्यानंतर तो कागद पुढ्यात घ्या आणि प्रत्येक सेन्सर वायर खरोखर १२ व्होल्टला टेकवा, ग्राउंडला टेकवा, काढून टाका. जी टेकवायची हिंमत होत नाही तिथलं डिझाइन अजून पुरं झालेलं नाही. हेअर ड्रायरने डबा गरम करून हेच परत.

गाडीत बसवल्यावर पहिल्यांदा फ्युएल पंप आणि इंजेक्टरचा फ्यूज काढून नुसता सेल्फ मारा. आरपीएम स्थिर दिसतोय का, सिंक लागतंय का, बॅटरीचा व्होल्टेज किती खाली जातो ते लॉगमध्ये बघा. टायमिंग १० डिग्रीवर फिक्स करून टायमिंग लाइटने पुलीवरची खूण जुळवा. खूण उड्या मारत असेल तर पेट्रोल देऊ नका, क्रँक सेन्सरकडे परत जा. जुळली की अग्निशामक हाताशी ठेवा, फ्यूज लावा आणि स्टार्ट करा, मग ३००० आरपीएमला टायमिंग परत तपासा, फिल्टरचा उशीर तिथेच दिसतो. सिंक सुटल्याची आणि रिसेटची संख्या लॉगमध्ये कायमची चालू ठेवा आणि रात्रभर थंड झालेल्या इंजिनाच्या पहिल्या स्टार्टनंतर ती आवर्जून बघा, कारण बॅटरी सगळ्यात जास्त तेव्हाच दबते.